मॅचआधीचं गाणं

शुक्रवारी संध्याकाळी सातच्या सुमाराला आमच्या गावात कुणाला फोन करू नये, कुणी उचलत नाही. ऑगस्टच्या शेवटापासून नोव्हेंबरपर्यंत सगळं गाव शाळेच्या फुटबॉलच्या मैदानावर असतं. ओहायो राज्यातलं, कोलंबस शहराच्या बाहेरचं आमचं हे उपनगर. इथं फुटबॉल म्हणजे पायानं खेळायचा नव्हे, हातात धरून पळायचा. सतरा वर्षं झाली मला इथं येऊन, अजूनही त्यातले निम्मे नियम कळलेले नाहीत. तरी चार वर्षं मी एकही शुक्रवार चुकवला नाही. कारण मुलगी बँडमध्ये होती.

आपल्याकडे बँड म्हटलं की लग्नाची वरात आठवते. इथला शाळेचा मार्चिंग बँड म्हणजे निराळंच प्रकरण. शंभरावर मुलं, जाड लोकरीचे गणवेश, डोक्यावर तुरेवाल्या टोप्या. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, क्लॅरिनेट वाजवत ती मैदानावर चालतात आणि चालता चालता आकृत्या करतात. ऑगस्टच्या उन्हात दोन आठवडे त्यांचं शिबिर असतं. 'रांग' हा तिथला परवलीचा शब्द. वाजवण्यात एखादा सूर चुकला तर शंभर वाद्यांत खपून जातो, पण रांगेतून वीतभर बाहेर गेलात तर स्टँडमधल्या शेवटच्या माणसालाही दिसतं, असं त्यांचे सर पहिल्याच दिवशी सांगायचे.

आम्ही पालकही कामाला जुंपलेले. मुलांची अवजड वाद्यं ढकलत मैदानावर न्यायची, मध्यंतरात नाचोज आणि पॉपकॉर्न विकायचे, त्या पैशातून बँडच्या सहली आणि गणवेश. चीज ओतता ओतता मला अमेरिका जेवढी कळली, तेवढी ऑफिसात कधी कळली नाही. माझ्या शेजारी हॉटडॉग विकायला एक आजोबा असायचे, व्हिएतनामच्या युद्धात लढून आलेले. त्यांची नात बासरी वाजवायची. बँडच्या आधी ते माझ्याशी कधी चार वाक्यं बोलले असतील तर शपथ.

ओहायोत हे वेड जरा जास्तच. आमच्या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या मैदानात एक लाखाहून जास्त माणसं बसतात, आणि त्यातली कित्येक खेळाइतकीच बँडसाठी येतात. तो बँड चालत चालत मैदानावर वळणदार अक्षरांत राज्याचं नाव लिहितो. शेवटी भलंमोठं सूझाफोन खांद्यावर घेतलेला एकच वादक मिरवत पुढं येतो आणि 'आय' या अक्षरावरचा टिंब होऊन उभा राहतो. १९३६ पासून ही प्रथा आहे. तो टिंब होणं हा इथं आयुष्यभर सांगायचा मान. याच बँडनं लोकप्रिय केलेलं 'हँग ऑन स्लूपी' हे गाणं १९८५ मध्ये राज्याच्या विधिमंडळानं ठराव करून ओहायोचं अधिकृत रॉक गाणं ठरवलं. विधिमंडळात एवढं एकमत इतर कशावर होत असेल असं वाटत नाही.

मला मात्र हे सगळं अगदीच परकं वाटलं नाही. मी कोल्हापूरचा. लहानपणी वडील खासबाग मैदानात कुस्त्या बघायला न्यायचे. खोलगट वाडग्यासारखं ते मैदान, मधोमध लाल माती, आणि आखाड्याच्या कडेला हलगी. पैलवान आत उतरला की हलगी कडाडायची. खडाखडी चालली की तिचा ठेका धिमा, डाव पडायची वेळ आली की जलद. डोळे मिटून बसलं तरी कुस्ती कुठवर आली ते कळायचं. मुलीच्या बँडमधला ड्रमवाला मुलगा चौथ्या प्रयत्नाच्या वेळी जो ठेका धरायचा, तो ऐकून मी बायकोला म्हटलं होतं, "ही तर हलगीच." ती पुण्याची. तिला पटलं नाही.

तर दर शुक्रवारी खेळ सुरू व्हायच्या आधी हा बँड राष्ट्रगीत वाजवायचा. सगळे उभे, टोप्या हातात, हात छातीवर. माझा अमेरिकन नागरिकत्वाचा अर्ज तेव्हा जायचा होता, तरी मीही हात ठेवायचो. सगळे ठेवतात म्हणून. शिवाय गाण्याची चालही छान आहे. ती मुळात लंडनमधल्या एका हौशी गायक मंडळाच्या गाण्याची. १८१४ मध्ये बाल्टिमोरच्या किल्ल्यावर इंग्रजांनी रात्रभर तोफा डागल्या, त्यावर फ्रान्सिस स्कॉट की यानं शब्द लिहिले आणि ते पुढं त्या इंग्रजी चालीवरच बसले.

खेळाच्या आधी हे गाणं का, असा प्रश्न मला बरीच वर्षं पडला नव्हता. सिनेमाच्या आधी का, हाही कधी पडला नव्हता. महाराष्ट्रात २००३ पासून थिएटरात सिनेमाआधी 'जन गण मन' लागतं. आपण उभे राहतो, बसतो, सिनेमा सुरू होतो.

इथं त्याला कारण युद्ध. ५ सप्टेंबर १९१८, शिकागो. बेसबॉलच्या वर्ल्ड सीरिजचा पहिला सामना, शिकागो कब्ज विरुद्ध बॉस्टन रेड सॉक्स. पहिलं महायुद्ध चालू, खेळाडू भरती होऊन चाललेले, त्यात आदल्याच दिवशी शहरातल्या सरकारी इमारतीत बॉम्ब फुटून माणसं मेलेली. प्रेक्षक कमी, तेही मरगळलेले. सातव्या डावाच्या मध्ये लोक पाय मोकळे करायला उठतात, तेव्हा बँडनं हे गाणं वाजवलं. रेड सॉक्सचा फ्रेड थॉमस नौदलातून सुट्टीवर आलेला होता. तो झेंड्याकडे वळला आणि त्यानं सलाम ठोकला. बघता बघता बाकीचे खेळाडू वळले, लोक गायला लागले, आणि शेवटी टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या सामन्यांतही ते वाजलं, बॉस्टनला गेल्यावर तर खेळाच्या आधीच. तेव्हा ते अधिकृत राष्ट्रगीतही नव्हतं. तो कायदा १९३१ चा. दुसऱ्या महायुद्धात रोजच्या सामन्याआधी वाजवायची पद्धत पडली आणि युद्ध संपल्यावरही ती राहिली. थोडक्यात, आधी ते मैदानात आलं आणि मग कायद्यात.

मैदानात आलं म्हणजे भांडणातही आलं. १९६८ सालची गोष्ट. व्हिएतनामचं युद्ध पेटलेलं, मार्टिन ल्यूथर किंग यांची एप्रिलमध्ये हत्या झालेली. ७ ऑक्टोबरला डेट्रॉइटमध्ये वर्ल्ड सीरिजच्या पाचव्या सामन्याआधी होसे फेलिसियानो हा तेवीस वर्षांचा अंध गायक गिटार घेऊन मैदानात उभा राहिला आणि त्यानं राष्ट्रगीत आपल्या पद्धतीनं गायलं. संथ, आर्त, थोडं ब्लूजच्या अंगानं. आज ऐकलं तर त्यात वावगं काय तेच कळत नाही. त्या दिवशी काहींनी हुर्यो केली, टीव्ही कंपनीचे फोन खणखणत राहिले, पुढं कित्येक रेडिओ केंद्रांनी त्याची गाणी लावणं थांबवलं. त्याला देशाबाहेर हाकला, अशीही मागणी झाली. फेलिसियानो पोर्टो रिकोचा, म्हणजे जन्मानंच अमेरिकन नागरिक. त्याला हाकलायचं कुठं? दुसऱ्या बाजूनं, तेच गाणं रेकॉर्ड म्हणून आलं तेव्हा खपाच्या यादीत पोचलं. आणि त्या सामन्यानंतर नवव्या दिवशी मेक्सिको ऑलिंपिकमध्ये टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस हे दोघे कृष्णवर्णीय धावपटू पदकं घेऊन उभे असताना, हेच गाणं वाजत असताना, त्यांनी माना खाली घालून काळे हातमोजे घातलेल्या मुठी वर केल्या. दोघांना संघातून काढून घरी पाठवलं.

ही माहिती मला मुलीमुळं झाली. ती नववीत बँडमध्ये गेली ते साल २०१६. त्याच ऑगस्टमध्ये सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्स या व्यावसायिक संघाचा क्वार्टरबॅक कॉलिन कॅपर्निक राष्ट्रगीताच्या वेळी बाकावर बसून राहिला. पोलिसांच्या हातून काळी माणसं मरतात आणि पुढं काही होत नाही, म्हणून. नेट बॉयर नावाच्या माजी सैनिकाशी त्याची भेट झाली. बसून राहण्यापेक्षा एका गुडघ्यावर बस, आम्हीही गेलेल्या सोबत्यांच्या थडग्यापुढं तसे बसतो, असा त्याचा सल्ला. १ सप्टेंबरपासून कॅपर्निक गुडघ्यावर बसू लागला. त्या हंगामानंतर त्याला कुठल्याच संघानं घेतलं नाही.

आमच्या घरी यावर वाद झाला नाही, कारण मी बोलू दिलं नाही. "तो त्यांचा प्रश्न आहे," एवढंच म्हणालो. ते म्हणणं सोपं होतं. पण ओहायोत तो प्रश्न लांबचा नव्हता. इथून दोन तासांवर क्लीव्हलँडमध्ये नोव्हेंबर २०१४ मध्ये टॅमिर राइस हा बारा वर्षांचा मुलगा बागेत खेळण्यातलं पिस्तूल घेऊन फिरत होता आणि पोलिसानं त्याला गोळी घातली. मुलीच्या बँडमधला तो ड्रमवाला, ज्याच्या ठेक्यात मला हलगी ऐकू यायची, तो कृष्णवर्णीय होता, टॅमिरपेक्षा जेमतेम वर्षाने लहान. आमच्या घरी येऊन त्यानं थालीपीठ खाल्लेलं. त्याच्या आईनं त्याला खेळण्यातली बंदूक कधी घेऊन दिली नव्हती, हे मुलीनं मला सहज बोलता बोलता सांगितलं होतं. मी ऐकून सोडून दिलं.

२०१७ च्या सप्टेंबरात माझा नागरिकत्वाचा अर्ज गेलेला होता. मुलाखतीला तेव्हा शंभर प्रश्नांची यादी पाठ करायची असायची, त्यात राष्ट्रगीताचं नाव काय हाही प्रश्न होता. मी गाडीत बसून ते प्रश्न घोकायचो. त्याच महिन्यात २२ तारखेला, शुक्रवारीच, अध्यक्ष ट्रम्प यांनी अलाबामातल्या सभेत गुडघ्यावर बसणाऱ्या खेळाडूंना संघमालकांनी हाकलून द्यावं असं म्हटलं, तेही शिवी घालून. रविवारी देशभरात दोनशेहून अधिक खेळाडू बसले. आमच्या क्लीव्हलँड ब्राउन्सचे डझनभर तर ऑगस्टमध्येच बसून झाले होते.

मग आठवड्याच्या मध्ये केव्हातरी मुलीनं जेवताना सांगितलं, "बाबा, तो शुक्रवारी बसणार आहे."

बँडमधल्या मुलानं बसायचं म्हणजे वाजवायचं नाही. खेळाडू गाणं नुसतं ऐकत असतो, हा मुलगा ते वाजवणाऱ्यांतला. आदल्या वर्षी नॉर्थ कॅरोलिनातल्या ईस्ट कॅरोलिना विद्यापीठाच्या बँडमधली काही मुलं अशी बसली, तेव्हा प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडवली होती. ते मी वाचलेलं होतं. मी चमचा खाली ठेवला आणि विचारलं, "आणि तू?"

"ठरवलं नाही."

मग मी बापानं जे बोलू नये ते सगळं बोललो. आपण बाहेरचे. माझी मुलाखत व्हायची आहे. कुणी फोटो काढेल, नाव येईल. आपला काय संबंध. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, मी बाहेरची नाही. मी इथंच जन्मले." आणि वर, शाळेत मुलांना झेंड्याला वंदन करायची सक्ती करता येत नाही, असा सुप्रीम कोर्टाचा १९४३ चा निकाल आहे, हेही ऐकवलं. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात होता म्हणे. युद्ध ऐन भरात असताना दिलेला निकाल.

रात्री झोप येईना म्हणून मी आपल्याकडचं काही सापडतं का बघत बसलो. सापडलं. केरळमध्ये १९८५ साली यहोवाचे साक्षीदार पंथाची तीन भावंडं 'जन गण मन'च्या वेळी आदरानं उभी राहायची, पण धर्मामुळं गायची नाहीत. शाळेनं काढून टाकलं. सुप्रीम कोर्टानं १९८६ मध्ये त्यांना परत शाळेत घ्यायला लावलं. अमेरिकेतला खटलाही याच पंथाच्या मुलांचा होता. दोन देश, त्रेचाळीस वर्षांचं अंतर, आणि दोन्हीकडे न्यायाधीशांपुढं शाळेतली पोरं. मला भारतातला हा खटला माहीत नव्हता. आमच्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकात नव्हता, की होता आणि मी वाचला नाही, देव जाणे.

त्या रात्री खासबागही आठवलं, जरा वेगळं. शाहू महाराज १९०२ मध्ये युरोपला गेले, रोमचं जुनं क्रीडांगण पाहून आले, त्यातून हे मैदान झालं, १९१२ मध्ये. त्याच १९०२ च्या जुलैत, महाराज तिकडे असतानाच, संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांना निम्म्या जागा राखून ठेवणारा त्यांचा हुकूम निघाला. शाळेत आम्हाला दोन्ही शिकवलं, पण दोन वेगवेगळ्या धड्यांत. मैदानात हलगी वाजवणारे बहुतेक मातंग समाजातले. जिंकलेला पैलवान फेटा बांधून खांद्यावर मिरवायचा, लोक त्याच्या अंगावर नोटा उधळायचे, त्यातली एखादी हलगीवाल्याकडे जायची. इतक्या वर्षांत मी त्यातल्या एकाचंही नाव विचारलं नाही. पैलवानांची नावं मात्र आजही तोंडपाठ आहेत.

शुक्रवार आला. मी नाचोजच्या टपरीतून सुट्टी घेऊन स्टँडमध्ये जाऊन उभा राहिलो. बँड मैदानावर आला. सरांनी हात वर केला. पहिल्या सुराला तो मुलगा एका गुडघ्यावर बसला. ड्रम छातीला बांधलेला असतो, तो घेऊन नीट बसताही येत नाही, थोडा तोल जातच तो बसला. काड्या मांडीवर ठेवल्या. त्याचा ठेका गेल्यावर गाणं ऐकायला विचित्र लागलं, जेवणात मीठ विसरावं तसं.

मुलगी बसली नाही. तिनं ट्रम्पेट तोंडाला लावलेलीच ठेवली, वाजवत राहिली. पण वाजवता वाजवता ती आपल्या रांगेतून एक पाऊल मागं आणि दोन पावलं डावीकडं सरकली, अगदी त्याच्या खांद्याला लागून उभी राहिली. शंभर मुलांच्या सरळ रेषेत तेवढाच एक खाडा. माझ्या मागं एक माणूस त्या मुलाला उद्देशून, आवडत नसेल तर देश सोडून जा, असं काहीबाही म्हणाला. जायचं कुठं, हा फेलिसियानोवाला प्रश्न मला तेव्हा सुचायला हवा होता. मी काही बोललो नाही. माझा हात छातीवर होता आणि डोळे झेंड्याकडे नव्हते, एवढं खरं.

पुढं विशेष काही झालं नाही. ना फोटो, ना बातमी. सरांनी सोमवारी मुलीला बोलावून सांगितलं, तू रांगेच्या बाहेर होतीस, पुन्हा होऊ देऊ नकोस. त्या मुलाला काहीच बोलले नाहीत. हॉटडॉगवाले आजोबा पुढचे दोन शुक्रवार माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या शुक्रवारी म्हणाले, "तुझी मुलगी सूर चुकली नाही पण." मग मोहरीची बाटली माझ्याकडे सरकवली. त्यांना ते पटलं होतं असं नाही. मीही विचारलं नाही. माझी मुलाखतही सरळ पार पडली. राष्ट्रगीताचा प्रश्न आलाच नाही.

हे सगळं परत आठवायचं कारण क्रिकेट. जून २०२४ मध्ये टी-ट्वेंटी विश्वचषक इथं आला. ६ जूनला डॅलसजवळच्या ग्रँड प्रेअरीत, मुळात बेसबॉलसाठी बांधलेल्या मैदानावर, अमेरिकेनं पाकिस्तानला सुपर ओव्हरमध्ये हरवलं. ती ओव्हर टाकली आपल्या मुंबईच्या सौरभ नेत्रावळकरनं. भारताकडून एकोणीस वर्षांखालचा विश्वचषक खेळलेला, मुंबईकडून रणजी खेळलेला, मग कॉर्नेलला शिकायला येऊन ओरॅकलमध्ये नोकरी करणारा. आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅपवर तीन दिवस दुसरा विषय नव्हता. निम्मे सॉफ्टवेअरवाले, प्रत्येकाला तो आपलाच सहकारी वाटत होता.

१२ जूनला न्यूयॉर्कजवळ भारत विरुद्ध अमेरिका. बुधवार, सकाळी साडेदहा. मी 'घरून काम' करत होतो. मुलगी आता नोकरीला लागलेली, तीही घरी आलेली. दोन राष्ट्रगीतं झाली. 'जन गण मन'ला मी अर्ध्या चड्डीत टीव्हीसमोर ताठ उभा राहिलो, ती सोफ्यावर बसून बघत होती. मग दुसरं लागलं. आता मी अमेरिकन नागरिक. बसावं तर कसं? उभाच राहिलो. तीही उठली आणि नकळत तिची बोटं ट्रम्पेटच्या कळांसारखी मांडीवर हलायला लागली.

भारताला एकशे अकरा करायच्या होत्या. नेत्रावळकरनं पहिल्याच षटकात विराट कोहलीला पहिल्याच चेंडूवर बाद केलं. मी जोरात ओरडलो. ओरडून झाल्यावर खोलीत एकदम शांतता.

"बाबा, हे कुणासाठी होतं?"

मला सांगता आलं नाही. पुढं त्यानं रोहित शर्मालाही घेतलं, आणि नंतर सूर्यकुमारचा झेल त्याच्याच हातून सुटला. दोघं मुंबईचे, एकेकाळी एकाच संघात खेळलेले. सूर्यकुमारनं नाबाद पन्नास करून सामना काढला. झेल सुटला तेव्हाही माझ्या तोंडून आवाज निघाला होता. तो कसला, हे तिनं विचारलं नाही.

संध्याकाळी तिनं फोनवर एक क्लिप पाठवली. नेत्रावळकर हातात छोटं युकुलेली घेऊन निवांत गात बसलेला. खाली तिनं लिहिलं होतं : 'हा पण बँडवालाच निघाला.' तीच क्लिप तिनं त्या ड्रमवाल्या मित्रालाही पाठवली होती. तो आता क्लीव्हलँडमध्ये शाळेत संगीत शिकवतो. त्याचं उत्तर आलं, ठेका जरा पुढं पळतोय.